कडीकाकांनी काढलेली कादंबरी

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एका प्रकाशकांचं दुकान आहे. पाटीवर त्यांचं खरं नाव आहे, पण ते कुणी वाचत नाही. गल्ली त्यांना कडीकाका म्हणते. दुकान बंद केलं की ते कडी ओढून बघतात, चार पावलं चालतात, परत येतात आणि पुन्हा ओढतात. समोरचा इस्त्रीवाला रोज विचारतो, "काका, कडी आहे ना अजून जागेवर?" काका गंभीरपणे सांगतात, "आहे. पण तू लक्ष ठेव."

त्यांच्याइतका घाबरट माणूस मी पाहिला नाही, आणि हे मी स्वतः घाबरट असून म्हणते. मुलींपैकी कुणी फोन उचलला नाही तर मी मनानं पहिल्या रिंगला रस्त्यात पोचते आणि दुसऱ्या रिंगला दवाखान्यात. पण माझी भीती घरातल्या माणसांपुरती आहे. काकांची सगळ्या जगाला पुरून उरेल.

ती त्यांना मामाकडून मिळाली. प्रकाशनाचा धंदा मूळ मामांचा. मामांनी उमेदीत कुणाचं तरी आत्मचरित्र काढलं, त्यात कुणाच्या तरी वडिलांबद्दल काही आलं आणि खटला उभा राहिला. तो इतकी वर्षं चालला की पुस्तकात काय होतं ते लोक विसरले, पण मामा कोर्टाच्या पायऱ्या चढतच म्हातारे झाले. त्यांच्या मागे पिशवी धरून चढणारा भाचा म्हणजे आमचे काका. धंदा हातात आल्यावर त्यांनी ठरवलं, ज्याने कुणाला राग येईल असं काही छापायचं नाही. मग बाळांची नावं, पत्रलेखन, शिवणकाम, मुलांची पाढ्यांची पुस्तकं. अधूनमधून एखादी कादंबरी काढत, पण त्यात कुणी कुणाशी आवाज चढवून बोलायचं नाही.

त्यांची काम करायची एक रीत होती. हस्तलिखित आलं की ते शिसपेन्सिल घेऊन वाचत आणि जिथे भीती वाटेल तिथे समासात एक ठिपका देत. चूक असेल तिथे नाही, भीती वाटेल तिथे. मग लेखकाला बोलावून तेवढ्या जागा मऊ करून घेत. लेखक हसत. स्वयंपाकाच्या एका पुस्तकात 'भांडं मंद आचेवर ठेवून इतर कामं उरकावीत' या वाक्यापुढे ठिपका होता. लेखिकेनं विचारलं, यात कसली भीती? काका म्हणाले, "इतर कामं करता करता ती बाई शेजारी गप्पा मारायला गेली तर?"

अशा माणसाकडे माझ्या मुलीची कादंबरी मीच घेऊन गेले. ते ती छापणार नाहीत, याची मला पक्की खात्री होती म्हणून.

आमची थोरली लग्न होऊन लांब गेली. ही धाकटी. अबोल, कामाला वाघ, मनातलं कधी ओठावर न आणणारी. शिक्षण झाल्यावर ती आमच्या भागातल्या मोठ्या डॉक्टरांच्या हॉस्पिटलात, तळमजल्यावरच्या लॅबमध्ये रक्त तपासायच्या कामाला लागली. आम्ही खूश होतो. घराजवळ नोकरी, वर डॉक्टर ओळखीचे. ह्यांचं ब्लड प्रेशरचं औषध त्यांचंच. मग एक दिवस ती नोकरी सोडून आली. स्पिरिटच्या वासानं डोकं चढतं म्हणाली आणि एका शाळेच्या प्रयोगशाळेत लागली. तिथे स्पिरिट नसतं का, हे मी तेव्हा विचारलं नाही.

त्यानंतर ती लिहीत बसायला लागली. मला वाटलं प्रेमाबिमाचं असेल. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, लिहू दे, त्यातून तरी कळेल कोण आहे तो. पुरं झाल्यावर तिनं ते बाड माझ्या हातात दिलं. मी ओट्याशी उभ्या उभ्या वाचायला घेतलं आणि मग खाली फरशीवर बसले.

गोष्ट एका लॅबची होती. तिथे दिवसभर लोक रांगेत बसून रक्त देतात. त्यातलं थोडं तपासलं जातं. बाकीच्या ट्यूब संध्याकाळी डॉक्टर स्वतः बेसिनमध्ये रिकाम्या करतो आणि रिपोर्टवर आकडे लिहिले जातात ते पेशंटचं वय बघून, चेहरा बघून, बरे दिसतील असे. लॅबमधली एक मुलगी ते लिहिते. पुढे एक माणूस, ज्याचा रिपोर्ट उत्तम आहे, तो मरतो.

डॉक्टरांचं सगळं तिनं बदललं होतं. आमच्या डॉक्टरांना भरगच्च केस आहेत, गोष्टीतल्याला टक्कल. आमचे उंच, तो बुटका. पण तो बोलता बोलता टायच्या टोकानं चष्मा पुसत होता. ते वाचून या भागातलं शेंबडं पोरही सांगेल कोण ते. डॉक्टरांची गाडी गल्लीत शिरली की लोक कट्ट्यावरून उठून उभे राहतात. पोलिसातल्या मोठ्या साहेबाला ते अरे-तुरे करतात. धाकटीची शाळासुद्धा त्यांच्या शब्दाबाहेर नाही.

मी तिला विचारलं, हे सगळं तुझ्या मनातलंच ना? ती म्हणाली, कादंबरी आहे, आई. मान वर न करता म्हणाली. मी पुढे विचारलं नाही. उत्तर मला नकोच होतं.

छापू नको म्हटलं असतं तर ती दुसऱ्या दिवशी ते घेऊन बाहेरगावच्या एखाद्या प्रकाशकाकडे गेली असती. म्हणून मी म्हटलं, लांब कशाला, घरचे काका आहेत की. ह्यांनी वर्तमानपत्र खाली केलं. "त्यांच्याकडे? ते पाढे छापतानाही वकिलाला विचारतात." मी डोळे मोठे केले तसं वर्तमानपत्र पुन्हा वर गेलं.

काकांचं दुकान म्हणजे पुढे एक टेबल आणि मागे छतापर्यंत गठ्ठे. खिडकी एकच, तीही गजांची. काकू गेल्यापासून ते दुपारचा डबाही तिथेच खातात. त्यांनी धाकटीचं बाड दोन बोटांनी धरलं, गरम असल्यासारखं.

यात कुणी मरतं का, त्यांनी विचारलं. बरोबर आलेली धाकटी म्हणाली, एकजण. कुणाच्या हातून?

"तेच तर कळत नाही, काका. कुणाच्याच नाही."

काकांनी बाड टेबलावर ठेवलं आणि हात रुमालाला पुसला. घरी येताना मी मनातल्या मनात देवाचे आभार मानले. काम झालं होतं.

बरेच दिवस निरोप नाही. मग एका सकाळी त्यांनी दोघींना बोलावलं. बाड उघडून पुढ्यात ठेवलं होतं. पानोपानी ठिपके. बेसिनच्या प्रकरणात तर समास राखाडी झाला होता. मला इतकं हलकं वाटलं की मी चहा चालेल म्हणाले. आता ते बाड परत करणार, धाकटी चार दिवस रुसणार, आणि मग संपलं.

काकांनी तिला खुर्ची दिली. मला भिंतीकडचं स्टूल. मग तिला म्हणाले, "प्रत्येक ठिपक्याला सांगायचं. हे तू पाहिलंस, का कुणाकडून ऐकलंस, का राग आला म्हणून लिहिलंस?"

मला काहीच समजेना. परत द्यायचं तर हे कशाला? पण ते दोघं कामाला लागले होते. त्या दिवसापासून शाळा सुटली की धाकटी तिकडे आणि तिच्या मागे मी, हातात विणकाम घेऊन. म्हटलं, आपण बसू. आज ना उद्या काका घाबरतीलच.

काका घाबरतच होते. पण प्रश्न थांबत नव्हते. ट्यूब ओतताना डॉक्टर हसतो असं तिनं लिहिलं होतं. हसताना पाहिलंस? नाही. मग कसा दिसत होता? ती म्हणाली, दमलेला. घरी जायची घाई असलेला. काका म्हणाले, मग तेच लिही. ती भांडायला उठली. तो हसतो म्हणून तर वाचणाऱ्याचा संताप होईल, असं तिचं म्हणणं.

काकांनी मान हलवली. "हसणाऱ्यापासून लोक आपोआप लांब जातात, पोरी. दमलेल्याकडे आपण विश्वासानं हात पुढे करतो, घ्या म्हणतो रक्त."

काका ते पुस्तक मऊ करतील म्हणून मी त्यांच्याकडे आणलं होतं. ते रागाचं एकेक वाक्य काढत होते, आणि जे उरत होतं ते पहिल्यापेक्षा जास्त भीतीदायक होतं. आधी मला वाटत होतं, हे वाचून लोक रागावतील. आता वाटायला लागलं, लोक खरं मानतील.

आणि उरलेल्या प्रत्येक ठिपक्याला माझी मुलगी एकच शब्द सांगत होती. पाहिलं. पाहिलं. पाहिलं. मग ती ओळ आली, जिथे लॅबमधली मुलगी रिपोर्टवर आकडा लिहिते आणि खाली सही करते. काकांनी सवयीनं विचारलं, हे पाहिलंस? ती म्हणाली, "नाही. हे मी केलंय."

माझ्या सुया थांबल्या. काकांनी पेन्सिल खाली ठेवली. मग मला म्हणाले, वहिनी, जरा पाणी आणता? मी आतल्या माठातलं पाणी आणलं आणि निम्मं त्या पानावरच सांडलं. धाकटीनं ओढणीनं कागद टिपला.

त्या दिवसापर्यंत मी दुसऱ्या माणसाला घाबरत होते. त्यानंतर भीती माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. ही पोर चोर म्हणून पकडली जाईल. डॉक्टर सुटतील आणि ही अडकेल. विळीवर बसले तरी तेच, धुणं वाळत घातलं तरी तेच.

बातमी बाहेर फुटायची ती फुटलीच. बहुतेक कॉम्प्युटरवर पुस्तकाची जुळणी करणाऱ्या मुलानं कुठेतरी बढाई मारली. एका दुपारी डॉक्टर स्वतः आमच्या दारात उभे. हातात बॅग, चेहऱ्यावर नेहमीचं शांत हसू. इकडून चाललो होतो, म्हटलं साहेबांचं प्रेशर बघावं, म्हणाले. ह्यांना झोपेतून उठवून दंडाला पट्टा बांधला. प्रेशर छान आहे म्हणाले. मग खुर्चीत टेकले आणि टायच्या टोकानं चष्मा पुसायला लागले. मी दुसरीकडे बघितलं.

मुलीनं पुस्तक लिहिलंय असं कानावर आलं, म्हणाले. कौतुक आहे. हॉस्पिटलच्या हॉलमध्ये समारंभ करू, खर्च माझा. ह्यांनी भाबडेपणानं वा वा म्हटलं. डॉक्टर उठताना माझ्याकडे वळले. आवाज तोच, मऊ.

"ताई, हुशार मुलींच्या हातूनही कामात चुका होतात. मग त्या दुसऱ्यावर ढकलाव्याशा वाटतात, वय असतं. तुमच्या मुलीच्या सह्यांचे सगळे रिपोर्ट मी जपून ठेवलेत. कुणाला दाखवायची वेळ येऊ नये, एवढंच वाटतं."

ते गेल्यावर ह्यांनी विचारलं, काय गं, चांगला माणूस आहे ना? मी चपला पायात सरकवल्या आणि तशीच काकांकडे गेले.

भरदुपारी काकांच्या दुकानाला आतून कडी. मी हाक मारली तेव्हा फट पडली, त्यातून एक डोळा दिसला, मग दार उघडलं. शर्ट घामानं पाठीला चिकटला होता. डॉक्टर आधी त्यांच्याकडेच येऊन गेले होते. जुन्या खटल्याची चौकशी करून गेले. मामांची तब्येत शेवटी फार खालावली होती ना, म्हणून विचारलं म्हणे.

मी म्हटलं, काका, ते बाड परत द्या. तुम्ही घाबरता म्हणून तुमच्याकडे आणलं होतं. तुम्हाला माझ्या पोरीपेक्षा पुस्तक जास्त झालं का? मला रडू आवरेना. काका मला बसायलाही सांगायचे विसरले. मग त्यांनी सांगितलं ते असं.

ते दर काही महिन्यांनी त्या लॅबमध्ये रक्त तपासून घेत. काही होत नव्हतं, तरी. छातीत जरा कळ आली की, पाय जड झाला की. आणि प्रत्येक वेळी रिपोर्ट उत्तम. जगात एवढी एकच गोष्ट होती जिची त्यांना भीती वाटत नसे. रात्री जीव घाबरला की ते दिवा लावून ते कागद बघत आणि मग झोपत.

"पोरीचं पुस्तक वाचलं आणि दुसऱ्या गावी जाऊन तपासून आलो, वहिनी. साखर निघाली. आजची नाही, फार जुनी. डोळ्यात उतरलीय. तिथला डॉक्टर मला रागावला, इतके दिवस काय झोपला होता म्हणून. आता त्याला काय सांगू, खरंच झोपलो होतो."

त्यांनी बाड कपाटातून काढून टेबलावर ठेवलं. म्हणाले, पोरीला विचारा. ती हो म्हणाली तर आत्ता घेऊन जा. आणि खरं सांगतो, मला सुटल्यासारखं होईल.

घरी येताना मी पुस्तकाचा विचार करतच नव्हते. ह्यांच्या दंडाला बांधलेल्या पट्ट्याचा करत होते. त्या लॅबचे ह्यांचे रिपोर्ट आमच्या कपाटात फाईल करून ठेवलेत, सगळे उत्तम. पुढच्याच आठवड्यात लग्नाला जायचं सांगून मी ह्यांना दुसऱ्या गावी तपासायला नेलं. काय निघालं ते इथे लिहीत नाही. औषधं बदलली.

धाकटीला मी डॉक्टरांचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. वाटलं, घाबरेल. ती घाबरलीच. चपाती तशीच ताटात राहिली. मग म्हणाली, "सह्या माझ्याच आहेत, आई. ते दाखवतील म्हणून तर मी आधी लिहिलं. आपण होऊन सांगितलं तर निदान आपल्या शब्दांत सांगता येतं." मी म्हटलं, तुरुंगात टाकलं तर? ती म्हणाली, माहीत नाही. माझी मुलगी खोटा धीर देत नाही. दिला असता तर बरं झालं असतं, असं मला अजूनही वाटतं.

पुस्तक छापायला गेलं. काका वकिलाकडे जाऊन आले आणि आम्हा सगळ्यांना समोर बसवून एक नियम सांगितला. कुणीही, कधीही, काहीही विचारलं तरी एकच उत्तर द्यायचं: कादंबरी आहे. खरं आहे का? कादंबरी आहे. तो डॉक्टर कोण? कादंबरी आहे. यापलीकडे एक शब्द बोललात तर पोरीला वाचवणं माझ्या हातात नाही, म्हणाले. आम्ही पाठ केलं. ह्यांनी तर इतकं मनावर घेतलं की दूधवाल्यानं उद्या किती लिटर विचारलं तर म्हणाले, कादंबरी आहे.

आज बाइंडिंगवाल्याकडून गठ्ठे आले. धाकटी शाळेत. एकट्यानं दुकान उघडायचा काकांना धीर होईना, म्हणून मी जाऊन बसले. दोघांनी मिळून एक गठ्ठा सोडला. मुखपृष्ठ साधं, पांढरं. वर तिचं नाव. मी त्यावरून हात फिरवला आणि लगेच काढून घेतला. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला की आम्ही दोघं दाराकडे बघत होतो. दुपारपर्यंत कुणी आलं नाही. मग दोघंतिघं आले, पुस्तक चाळलं, घेतलं, गेले. काय विचारायचं ते त्यांनी विचारलं आणि काय सांगायचं ते काकांनी सांगितलं.

संध्याकाळी एक बाई आली. धाकटीपेक्षा थोडी मोठी. कडेवर मूल, मलूल, मान खांद्यावर टाकलेली. हातात त्या हॉस्पिटलचा लिफाफा. तिनं पुस्तकाला हातही लावला नाही. म्हणाली, बायका बोलत होत्या म्हणून आले. त्यात लिहिलंय ते खरं आहे का?

काका म्हणाले, कादंबरी आहे.

ती माझ्याकडे वळली. "तुम्ही तिची आई ना? याचं रक्त तिथंच दिलंय. सगळं नॉर्मल आलं. पण ताप उतरत नाही. तुम्ही सांगा."

मी म्हटलं, कादंबरी आहे. मला तेवढंच म्हणायचं होतं. काका माझ्याकडे बघत होते, डोळ्यांनी थांबवत होते. मुलाचा पाय लोंबत होता, त्यात मोजा नव्हता. मी म्हटलं, "कादंबरी आहे. पण तू याला आजच्या आज दुसरीकडे ने. त्या रिपोर्टवर विसंबू नकोस."

तिनं एकदा लिफाफ्याकडे बघितलं आणि गेली. काका खुर्चीत बसले. रागावले नाहीत. ती कोण होती, तुम्ही ओळखता का, एवढंच त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. या भागात मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

ती आई असेल, किंवा डॉक्टरांनी पाठवलेली असेल. मूल खरंच आजारी असेल, तर आता ते कुठेतरी तपासणीच्या बाकावर असेल. नाहीतर माझं ते वाक्य एव्हाना जिथे पोचायचं तिथे पोचलं असेल. जिला वाचवण्यासाठी मी इतकं केलं, तिची एकुलती एक ढाल मी एका अनोळखी बाईसमोर खाली ठेवली. पुन्हा ती समोर आली तर मी काय करीन, असं मी संध्याकाळपासून स्वतःला विचारते आहे, आणि दर वेळी तेच तोंडात येतं: याला दुसरीकडे ने.

धाकटी आत झोपली आहे. तिला मी अजून सांगितलेलं नाही.